जपानी साहेब मीटिंगमध्ये गप्प का बसतात? त्यांच्या आणि आपल्या नेतृत्वात नेमका फरक काय?

तुम्ही लिहिलंय की चाकणच्या एका जपानी कंपनीत तुम्ही नुकतेच टीम लीडर झालात. साहेब मीटिंगमध्ये डोळे मिटून बसतात, निर्णय देत नाहीत, शेवटी नुसती मान हलवून उठतात. याला नेतृत्व म्हणायचं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी पुण्यात अठरा वर्षं जपानीची दुभाषी म्हणून काम करतेय. मधली चार वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे आइची प्रांतात, नागोयाजवळ काढली. दुभाषाची खुर्ची दोन्ही साहेबांच्या मध्ये असते, त्यामुळे दोघांचंही ऐकून घ्यावं लागतं. तरी हा फरक मला उमगला तो कंपनीत नाही, मुलाच्या शाळेत.

तिथे प्राथमिक शाळेत मुलांना सोडायला सहसा पालक जात नाहीत. आमच्या भागात तोकोहान होता, म्हणजे वस्तीतल्या मुलांचा एकत्र शाळेत जाणारा गट. सकाळी कोपऱ्यावर आठ-दहा मुलं जमायची. सगळ्यात पुढे सहावीतली एक मुलगी, हातात पिवळा झेंडा घेऊन. ती हांचो, म्हणजे गटप्रमुख. तिच्या लगेच मागे पहिलीतली चिमुरडी आणि रांगेच्या शेवटी उपप्रमुख. रांग चालायची ती पहिलीतल्या मुलाच्या वेगाने. एकदा पावसात माझ्या मुलाच्या रेनकोटची बटणं निघाली. हांचोने अख्खी रांग थांबवली, खाली वाकून बटणं लावली, झेंडा उचलला आणि पुढे निघाली. त्याला ती एक शब्द बोलली नाही. इंग्रजीत मोठ्या साहेबाला 'हेड होंचो' म्हणतात ना, तो शब्द याच हांचोवरून आलाय. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये असलेल्या अमेरिकी सैनिकांनी तो आपल्याबरोबर नेला. मला मात्र तो शब्द ऐकला की ती वाकलेली मुलगीच आठवते.

वर्गात निच्चोकु असतो, म्हणजे त्या दिवसाची पाळी. रोज दोन मुलं. सकाळची सभा तीच चालवतात, 'उभे राहा, नमस्कार करा' तीच म्हणतात, फळा पुसतात, वर्गाची रोजनिशी भरतात. पाळी हजेरीच्या क्रमाने फिरते. हुशार, खोडकर, लाजरा, अडखळत बोलणारा, कुणालाच ती चुकत नाही. पालकांना तास बघायला बोलावतात, तशी एकदा गेले होते. त्या दिवशी पाळी असलेला मुलगा पुढे आला आणि गप्प झाला. मिनिटभर तरी तो तसाच उभा होता. माझ्याच पोटात गोळा आला. बाई बाजूला शांत उभ्या होत्या, त्यांनी एक शब्द पुरवला नाही. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच पुढचं वाक्य सांगितलं आणि गाडी सुरू झाली. बाहेर पडताना मी बाईंना विचारलं, तुम्ही मदत का नाही केलीत? त्या म्हणाल्या, "उद्या त्या मुलीची पाळी येईल, तेव्हा तो तिला सांगेल."

जेवण वाढणं, वर्ग झाडणं, जिने पुसणं हेही असंच पाळीने चालतं. या सगळ्याला ते तोक्कात्सु म्हणतात आणि गणित-भाषेसारखंच त्याला अभ्यासक्रमात स्थान आहे. इजिप्तला ही पद्धत इतकी पटली की 2016 मध्ये त्यांनी जपानशी करार केला आणि 2018 पासून त्या धर्तीच्या सरकारी शाळा काढल्या.

आता आपल्याकडचा मॉनिटर आठवा. सातारा जिल्ह्यातल्या मराठी शाळेत पाचवी ते सातवी मी वर्गाची मॉनिटर होते, कारण पहिला नंबर माझा असायचा. काम एकच. बाई वर्गाबाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची आणि परत बोलला की नावापुढे फुली मारायची. तीन वर्षांत पन्नासातल्या एकूणपन्नास मुलांना वर्गासमोर उभं राहायची संधी मिळाली नाही, आणि मला कुणाच्या हाताखाली काम करायची मिळाली नाही. याचं मला आज फार वाईट वाटतं. गंमत अशी की शाळेतली मॉनिटरची पद्धत जगभर गेली ती मद्रासहून. 1789 मध्ये एग्मोरच्या अनाथाश्रमाचा प्रमुख झालेल्या अँड्र्यू बेलने मलबारी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायची पद्धत बसवली. 1797 मध्ये त्याने लंडनमध्ये तिचा अहवाल छापला आणि ती 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडभर पसरली. म्हणजे मुळात मॉनिटर शिकवायचा. नावं लिहिणारा मॉनिटर हा नंतरचा.

तेव्हा तुमचे साहेब वयाच्या सहाव्या वर्षापासून काय बघत आलेत ते लक्षात घ्या. पुढे उभं राहणं ही त्यांच्या लेखी पाळी आहे. आपल्या लेखी तो मान आहे. मान मिळालेल्या माणसाने बोलावं, ठरवावं, अडल्यास ओरडावं अशी आपली अपेक्षा असते. ज्याची पाळी आहे त्याने सगळ्यांचं नीट चाललंय ना एवढं बघावं, अशी त्यांची.

म्हणूनच तुमच्या साहेबांची मीटिंग ही निर्णयाची जागा नाहीच. निर्णय आधी झालेला असतो. त्याला नेमावाशी म्हणतात आणि हा शब्द माळीकामातला आहे. मोठं झाड दुसरीकडे हलवायचं तर माळी बऱ्याच आधीपासून मुळांभोवती गोल खणतो, काही मुळं छाटतो, नवी बारीक मुळं फुटू देतो आणि मगच झाड उचलतो. कंपनीत याचा अर्थ असा की प्रस्ताव घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी एकेकट्याने जायचं, शंका ऐकायची, कागद सुधारायचा, पुन्हा जायचं. मग रिंगीशो नावाचा कागद खालून वर फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का उठवतो. मीटिंगला सगळे बसतात तेव्हा राहिलेली असते ती फक्त मान हलवणं. आपली माणसं मात्र मुद्दे राखून ठेवतात आणि मीटिंगमध्ये काढतात. तिथे नवा मुद्दा निघाला की जपानी साहेबाचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, हा आधी माझ्याकडे का आला नाही?

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. नवीन असताना एका बैठकीत आपल्याकडच्या मॅनेजरने माल पंधरा दिवस आधी मागितला. जपानी साहेब दातांतून हवा ओढत म्हणाले, "मुझुकाशी देसु ने." मी शब्दाला शब्द ठेवला: "अवघड आहे म्हणतायत." आपले मॅनेजर खूश झाले आणि म्हणाले, "अवघड आहे ना, अशक्य नाही ना? मग करू या!" महिन्याभराने माल आला नाही तेव्हा दोन्ही बाजूंना आपली फसवणूक झाल्यासारखं वाटत होतं. जपानी माणसाने त्या दिवशी स्पष्ट नकार दिला होता आणि तो माझ्या जिभेवर हरवला. तेव्हापासून मी असं वाक्य आलं की थांबते आणि विचारते, "म्हणजे होणार नाही, असं सांगू का?"

आपल्याकडचं तसंच वाक्य म्हणजे "होऊन जाईल साहेब." साहेबाला नाराज करायचं नाही म्हणून आपण ते म्हणतो, त्यात आदरच असतो. पण त्यांच्याकडे होरेन्सो शिकवतात, म्हणजे कळवा, संपर्कात राहा, विचारा. (तिन्ही शब्दांची आद्याक्षरं जोडून पालकाच्या भाजीचं नाव होतं, म्हणून ते लक्षात राहतं.) वाईट बातमी आधी कळवायची. उशिरा कळलेली वाईट बातमी त्यांना खोटेपणासारखी वाटते.

पुस्तकांत हा फरक आकड्यांनी सांगतात. हॉफस्टेड या डच समाजमानसशास्त्रज्ञाने 1967 ते 1973 च्या सुमारास आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि वरच्या-खालच्यातलं अंतर लोक कितपत स्वीकारतात ते मोजलं. त्यात भारताचे 77, जपानचे 54, डेन्मार्कचे 18. दिशा कळायला हे ठीक, पण एवढ्यावर माणसं जोखू नका. आपल्याकडे अंतर आहे तशी माया पण आहे, आणि तिचा अभ्यास जय बी. पी. सिन्हा या भारतीय मानसशास्त्रज्ञाने केला. त्यांचं म्हणणं असं की आपल्या माणसांकडून काम करून घेतो तो आधी आपलेपणा देणारा, मग कामाबाबत काटेकोर राहणारा, आणि माणूस तयार होत जाईल तशी मोकळीक देणारा प्रमुख. नुसता हुकूमशहा नाही आणि नुसता लोकशाहीवादीही नाही.

याचा पुरावा मी डोळ्यांनी पाहिला. एका कारखान्यात लाइनवर अडचण आली की ओढायची दोरी बसवली. ओढली की दिवा लागतो आणि लीडर धावत येतो. टोयोटात ही पद्धत जुनी आहे. आपल्या मुलांनी कित्येक आठवडे दोरीला हात लावला नाही, कारण दोरी ओढणं म्हणजे "मी चुकलो" असं सगळ्यांसमोर सांगणं. जपानी साहेबांनी तीनदा समजावलं, मी तीनदा भाषांतर केलं. काही झालं नाही. मग लाइनवरचे वयाने मोठे सुपरवायझर, ज्यांना सगळे दादा म्हणायचे, ते एका आयटीआयच्या पोराजवळ जाऊन म्हणाले, "तू ओढ, मी येतो. ओरडायला नाही येणार." त्या दुपारी पहिला दिवा लागला. दादा त्या पोराच्या बहिणीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभे होते. दोरीवरचा विश्वास तिथून आला होता. पुढच्या खंडेनवमीला जपानी साहेबांनी मशीनला हळद-कुंकू वाहिलं आणि मग स्वतः त्या पोराला पेढा दिला. तेही शिकत होतेच.

जपानी पद्धत निर्दोष आहे असं समजू नका. निर्णय भयंकर हळू होतात, आणि इतके शिक्के उठतात की चूक झाल्यावर ती नेमकी कुणाची हे सापडत नाही. सेनपाई, म्हणजे ज्येष्ठ, चुकतोय हे दिसत असूनही कोहाई, म्हणजे कनिष्ठ, बोलत नाही. 2011 च्या फुकुशिमा अपघाताची चौकशी करणाऱ्या संसदीय आयोगाने 2012 मध्ये तो अपघात मानवनिर्मित ठरवला. आयोगाचे अध्यक्ष कियोशी कुरोकावा यांनी इंग्रजी अहवालाच्या प्रस्तावनेत वरच्यांना प्रश्न न विचारण्याच्या आणि गटाला धरून राहण्याच्या आपल्याच लोकांच्या सवयीवर बोट ठेवलं. आणि टेबलाच्या मुख्य खुर्चीवर बाई बसलेली मी तिथल्या चार वर्षांत एकदाही पाहिली नाही. निच्चोकुची पाळी मुलींना मिळते, मग पुढे ती कुठे जाते, हा प्रश्न मला अजून छळतो.

तुम्ही दोन गोष्टी लगेच करू शकाल. तुमच्या टीमची सकाळची सभा रोज तुम्ही घेत असाल तर ती पाळीने वाटून द्या, सगळ्यात अबोल माणसाला धरून. तो अडखळला तर वाक्य पुरवू नका, शेजारचा पुरवेल.

आणि पुढच्या मीटिंगच्या तीन-चार दिवस आधी तुमची सूचना एका कागदावर मांडून साहेबांच्या टेबलाशी जा. पक्की करून नेऊ नका. अशा कच्च्या मसुद्याला ते ताताकिदाई म्हणतात, ठोकून बघण्यासाठी पुढे ठेवलेला ठोकळा. कागद ठेवा, यात काय कमी आहे असं विचारा आणि मग गप्प बसा. ते डोळे मिटतील. ती शांतता आपल्याला सहन होत नाही, लगेच काहीतरी बोलून भरावीशी वाटते. भरू नका. डोळे उघडले की ते बहुतेक पेन्सिल मागतील.