गंजलेल्या जाळीवर परत एक हात मारू का?

प्रश्न : साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर आहे. न्हाणीघराच्या झरोक्याला पत्र्याची भोकाभोकाची जाळी आहे अन् खालीच बंब, म्हणजे रोजची वाफ तिथनंच बाहेर जाते. मागच्या दिवाळीला पांढरा ऑइल पेंट मारून घेतला तर यंदाच्या पावसात पापुद्रे सुटले, भिंतीवर लाल ओघळ. पेंटर म्हणतोय परत एक हात मारतो. मारू देऊ का नवीनच घेऊ?

उत्तर : अहो नका मारू देऊ! गंजावर मारलेला रंग गंजाला धरून बसतो, लोखंडाला नाही, गंज सुटला की रंगही त्याच्याबरोबर खाली. आधी जाळी काढा, स्क्रू हलत नसतील तर थोडं डिझेल सोडून रात्रभर ठेवा, आणि मग मागची बाजू बघा. पेंटर पुढनं चकाचक करतात आणि मागं कोरा पत्रा तसाच, वाफ लागते ती नेमकी तिथंच. स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा, आरपार गेला तर रंगाचा खर्चच नको, नवीन आणा.

पत्रा घट्ट असेल तर तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, चकाकी दिसेपर्यंत. पण घर जुनं म्हणताय म्हणून सांगतो, घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडं २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरात शिसं असू शकतं. म्हणून पेपर ओला करून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, आणि झाल्यावर लगेच पुसून उन्हात कडक वाळवा नाहीतर संध्याकाळपर्यंत परत तांबूस दिसायला लागेल.

मग थिनरचं फडकं, रेड ऑक्साइड प्रायमर दोन्हीकडनं. भोकांच्या कडांना आधी छोट्या ब्रशनं, कडेवर रंग पातळ राहतो आणि गंज तिथनंच सुरू होतो. प्रायमर म्हणजे रंग नव्हे हं, लोक तेवढ्यावरच महिनोन्‌महिने सोडून देतात. वाळला की वरनं ऑइल पेंटचे दोन पातळ हात, जाड मारला की भोकं बुजतात. आणि हे सगळं पाऊस हटल्यावर, श्रावणात अजिबात नको.

नवीन जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, जाळी आणली तर तिला थेट ऑइल पेंट मारू नका, जस्तावर तो टिकत नाही, दुकानात जीआयचा प्रायमर मागा. बंबाच्या धुराड्याला यातलं काहीच चालत नाही, तापून फुगतं, तिथं हीट रेझिस्टंट ॲल्युमिनियम पेंटच लागतो.