घर लहान आहे, मित्रमंडळींना जेवायला कसे बोलवायचे?

‘चार माणसे जेवायला बोलवायची म्हटले की पोटात गोळा येतो, कारण घर एवढेसे आहे,’ हे वाक्य समुपदेशनाच्या कामात माझ्यासमोर निरनिराळ्या शब्दांत अनेकदा आलेले आहे. ते मुख्य तक्रार म्हणून क्वचितच येते. नवऱ्याशी होणारे खटके, मैत्रिणींशी तुटत चाललेला संबंध किंवा न लागणारी झोप यांच्या आडून ते हळूच डोकावते. पुढील अनुभवातील व्यक्तीची ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत.

पस्तिशीच्या या बाई डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये पती, सासूबाई आणि सात वर्षांच्या मुलासह राहत होत्या. कॉलेजपासूनचा त्यांचा ग्रुप दर दोन-तीन महिन्यांनी कोणाच्या तरी घरी जेवायला जमत असे आणि आपला नंबर आला की त्या कधी सासूबाईंची तब्येत, कधी पाणीकपात, तर कधी मुलाची परीक्षा पुढे करीत. अशी काही वर्षे गेल्यावर दुसऱ्यांकडे जाणेही त्यांना नकोसे झाले, कारण जेवून आलो की परतफेड करावी लागणार, हा हिशेब मनातून हलत नव्हता.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी लगेच व्यवहाराच्या सूचना देऊ लागले : आठांऐवजी पाच जणांना बोलवा, पोळ्या-पुऱ्यांचा घाट न घालता मसालेभात करा, जिलबी बाहेरून आणा. त्यांनी सारे वहीत लिहून घेतले आणि पंधरा दिवसांनी बेत रद्द केल्याचे सांगत आल्या. अडचण केवळ जागेची असती, तर एवढे पुरले असते.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना घराचा आराखडा काढायला सांगितला. दिवाण, कपाट, ओटा त्यांनी भराभर काढले. बाथरूमच्या दारापाशी मात्र पेन थांबले आणि तीच रेघ त्यांनी पुन्हा पुन्हा गिरवली. ‘हे दार खोलीत उघडते. सगळे खाली जेवायला बसले की ते उघडणार नाही. कोणाला जायचे असेल तर पंगतच उठवावी लागेल.’ मग बऱ्याच वेळाने, कागदावरची नजर न हलवता, त्यांनी सांगितले की मुलाच्या बारशाला आलेली एक मैत्रीण उंबऱ्यात थबकून म्हणाली होती, ‘किती गोड! अगदी भातुकलीचे घर.’ ती कदाचित कौतुकानेच बोलली असेल. पण ते शब्द या बाईंनी सात वर्षे जपून ठेवले होते.

‘तुम्हाला नेमके काय नको आहे?’ असे विचारल्यावर उत्तर आले, ‘घर पाहून कोणाच्या मनात काही येताच कामा नये.’ अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीत नेमक्या या ‘च’वर बोट ठेवले जाते. कोणी काही वाईट मनात आणू नये, ही इच्छा झाली. येताच कामा नये, हा हट्ट झाला आणि तोही दुसऱ्याच्या डोक्यात काय चालावे याविषयीचा.

मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग अशा वेळी हमखास सांगितला जातो. लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर गेलेल्या विद्यार्थ्यांना वाटले की निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल; प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आले होते. मी तो इथे दिलासा म्हणून वापरला नाही. बाथरूमचे दार सर्वांच्याच लक्षात येणार होते आणि घर लहान आहे हेही. ते दिसणारच नाही, असे सांगणे म्हणजे त्यांच्या हट्टालाच खतपाणी घालणे झाले असते.

‘आमच्या वेळी’ म्हणून सुरू होणारे वाक्यही मी गिळले. माझे बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत, 160 चौरस फुटांच्या खोलीत गेले. पाहुणे आले की दोन पंगती होत आणि पोरे कॉमन पॅसेजमध्ये जेवत. पण तिथे लाज वाटण्याचे कारणच नव्हते, कारण शेजारची खोलीही तेवढीच होती. या बाईंच्या दोन मैत्रिणी ठाण्यात टॉवरमध्ये राहत होत्या. लाजेला जागेची नव्हे, तुलनेची गरज असते आणि ती तुलना खोटी आहे असे मी म्हणू शकत नव्हते.

म्हणून आम्ही निमंत्रणाचा मेसेज लिहायला घेतला. ‘शनिवारी साडेसातला या. घर लहान आहे, सतरंजीवर बसून जेवू. गुडघे दुखणाऱ्यांसाठी एक खुर्ची आहे. बाथरूमला जायचे झाले तर पंगत उठवावी लागेल.’ शेवटचे वाक्य त्यांनी तीनदा खोडले आणि चौथ्यांदा ठेवले. जे लपवायचे असते त्यावर पहारा ठेवण्यात यजमानाची संध्याकाळ संपते, आमटी वाढताना लक्ष दाराकडे राहते. सांगून टाकले की पहाऱ्याचे काम उरत नाही. मेसेज त्यांनी माझ्यासमोरच पाठवला, कारण घरी गेल्यावर धीर राहणार नाही हे त्यांनाच ठाऊक होते.

एक गोष्ट मात्र दोघींच्याही नजरेतून निसटत होती. पाहुणे ज्या दिवाणावर टेकणार, तो सासूबाईंचा पलंग होता आणि त्यांना कोणी विचारलेच नव्हते. लहान घरातली खरी कुरबुर पुष्कळदा इथेच असते, पाहुण्यांपाशी नाही. विचारल्यावर सासूबाईंनी दोन अटी घातल्या : मालिका चुकणार नाही आणि कढी त्याच करतील.

त्या शनिवारी भाताचा दुसरा वाढा चालू असतानाच एका मित्राला उठावे लागले. चौघे ताटे हातात घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले, एकीने कोशिंबिरीचे भांडे ओट्यावर ठेवले, दार उघडले, बंद झाले आणि सगळे परत बसले. ‘मी सगळ्यांचे चेहरे पाहत होते,’ बाई मला म्हणाल्या, ‘एक जण तर उभ्याउभ्याच जेवत होता.’

तक्रार वेगळीच होती. मंडळी सव्वाअकरापर्यंत हलली नाहीत आणि सासूबाई भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपी गेल्या. ‘दहाला उठा, हेही लिहायला हवे होते,’ असे म्हणून त्यांनी माझ्याकडे कोरा कागद मागितला.