फेरफार बघ, मग बोल

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उघडलं आणि पत्ता वाचूनच थांबले. मॉल्टन, इथे कॅनडातल्या टोरांटोला लागून. तू चौघींबरोबर ज्या बेसमेंटमध्ये राहतेस, त्याच्या पलीकडच्या वळणावर आमचं घर होतं, 1979 ते 1994. गणपतीच्या कार्यक्रमात आपण एवढा वेळ बोललो, पण कुठे राहतेस ते मी विचारलंच नाही. मिरजेत कुठल्या आळीत राहतात ते मात्र विचारलं. याचं मला फार वाईट वाटलं.

बसमधला माणूस "परत जा" म्हणाला, ते तू दोन ओळींत लिहिलंस. आपल्यातल्याच त्या बाई "तुम्ही स्टुडंट लोक लोंढ्याने आलात आणि आमचं नाव खराब झालं" म्हणाल्या, त्यावर मात्र दीड पान. खुपलं ते हेच. आणि शेवटी मला विचारतेस, काकू, आम्ही खरंच फार झालो का? गुपचूप परत गेलेलं बरं का?

जायचं की राहायचं ते नंतर बोलू. आधी "फार झालो"चं बघू.

माझे वडील तलाठी होते. भावाभावांची भांडणं दारात यायची. एकजण सातबारा नाचवत यायचा, हे बघा अण्णा, माझं नाव. अण्णा तो उतारा बाजूला ठेवायचे आणि फेरफाराची वही काढायचे. म्हणायचे, सातबारा आज कोणाचं आहे ते सांगतो, कसं झालं ते फेरफार सांगतो. आधी फेरफार बघ, मग बोल. लहानपणी हे वाक्य इतकं ऐकलं की त्याचा कंटाळा आला होता. आता पंचाहत्तरी जवळ आली आणि मला दुसरं काही शिकवण्यासारखं सुचत नाही.

तर तुझ्या मॉल्टनचा फेरफार ऐक.

पहिली नोंद इथल्या मूळ रहिवासी मिसिसागा लोकांची. 1818 साली अजेटान्स नावाच्या त्यांच्या प्रमुखाबरोबर इंग्रजांनी करार केला आणि साडेसहा लाख एकरांच्या आसपास जमीन घेतली. तुझं बेसमेंट त्या जमिनीत आहे, त्या बाईंचं मोठं घरही बहुधा त्यातच. मग इंग्रज शेतकरी आले. मॉल्टन हे नाव यॉर्कशरमधल्या गावाचं. दुसऱ्या महायुद्धात इथे लँकेस्टर बॉम्बर बांधायचा कारखाना उभा राहिला आणि कामगारांसाठी छोटी घरं झाली. पुढे तिथेच ॲव्हरो कंपनी ॲरो हे लढाऊ विमान बांधत होती. 20 फेब्रुवारी 1959 ला सरकारने तो प्रकल्प बंद केला आणि एका दिवसात चौदा हजारांच्या आसपास माणसं घरी बसली. मग इटालियन, मग वेस्ट इंडीजमधले, मग आम्ही, मग पंजाबी, आणि आता तू. यातली कुठली नोंद "खरी" आणि कुठली "लोंढा", ते त्या बाईंना विचार.

आणि देशाचा फेरफार? 1914 साली कोमागाटा मारू जहाजातून आपल्याकडची 376 माणसं व्हँकुव्हरला आली. जवळजवळ सगळ्यांना दोन महिने बंदरात ताटकळत ठेवून परत पाठवलं. तिथल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आपल्या लोकांना 1947 पर्यंत मताचा हक्क नव्हता. 1951 मध्ये कोटा ठरला, अख्ख्या भारतातून वर्षाला 150 माणसं. दीडशे! 1962 मध्ये वंशाची अट सैल झाली, 1967 मध्ये शिक्षण-कामाला गुण देऊन माणसं निवडायची पद्धत आली, तेव्हा कुठे माझ्या नवऱ्यासारखा सांगलीचा इंजिनिअर आत येऊ शकला. आम्ही हुशार होतो म्हणून आलो, असं आमच्या पिढीतले लोक बसल्याजागी सांगतात. हुशार माणसं 1951 मध्येही होती. दार बंद होतं. नोंद एवढीच आहे.

आकडे हवेत तर तेही घे. 1971 मध्ये या देशात नव्याने आलेल्या दर शंभरांत जवळजवळ 62 जण युरोपातले होते. 2021 च्या जनगणनेत ते 10 उरले आणि 62 आशियातले झाले. त्याच जनगणनेत टोरांटो महानगरातले 46.6 टक्के लोक स्थलांतरित होते. म्हणजे बसमध्ये तुझ्या शेजारी बसलेला जवळजवळ निम्म्या वेळा बाहेरूनच आलेला असतो. तो माणूस ओरडला तेव्हा बाकीच्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं, ते तू पाहिलंस का? मान खाली घालू नकोस. बघत जा.

तुझ्या बाबतीतली नोंद तर ताजी आहे, शाई वाळलेली नाही. आपल्या ओंटारिओ प्रांताच्या सरकारने 2019 मध्ये इथल्या विद्यार्थ्यांची फी दहा टक्क्यांनी कमी करून तिथेच गोठवली. कॉलेजांनी खड्डा भरून काढला तो तुमच्या फीने. 2023 संपताना देशात दहा लाखांहून जास्त स्टडी परमिट होते. ते परमिट तुम्ही छापले नव्हते. भाडी चढली, लोक चिडले, जानेवारी 2024 मध्ये सरकारने परमिटांवर मर्यादा घातली, आणि बोट कोणाकडे? रात्रपाळीला गोदामात खोकी उचलणाऱ्या मुलीकडे. तुझ्या बाबांनी द्राक्षबागेवर कर्ज काढून फी भरली आणि तू मला विचारतेस आम्ही फार झालो का! मला राग येतो, तुझ्यावरसुद्धा. तू सारखं "आम्ही स्टुडंट लोक" का लिहितेस? त्या बाईंचा शब्द तू स्वतःला लावून घेतलास. असं करू नकोस.

आता माझं सांगते. हे लिहायचं नव्हतं, पण फेरफार म्हटला की सगळा आला.

मॉल्टनला आमच्या शेजारी एक इटालियन आजी राहायची. ऑगस्ट संपता संपता तिच्या गॅरेजमध्ये टोमॅटोच्या पाट्या यायच्या, मोठ्या पातेल्यात रस आटायचा, अख्खं कुटुंब बाटल्या भरायचं. मला इंग्रजी धड येत नव्हतं, तिलाही नाही. ती मला हाताला धरून नेई आणि ढवळायला लावी. तिचा नवरा गेलेला. "तो जमिनीखाली काम करायचा," एवढंच ती सांगे. कोणत्या रस्त्याखाली, कोणत्या साली, ते मी कधी विचारलं नाही. 1940 मध्ये याच देशाने इटालियन माणसांना छावणीत डांबलं होतं, मग त्यांच्याचकडून बोगदे आणि गटारं खणून घेतली. 17 मार्च 1960 ला टोरांटोतल्या हॉग्ज हॉलोत, डॉन नदीखालून जाणाऱ्या पाण्याच्या बोगद्यात आग लागून पाच इटालियन मजूर मेले. त्यात मांतेला आडनावाचे दोन सख्खे भाऊ होते. त्यानंतर चौकशी झाली आणि कामगारांच्या सुरक्षेचे कायदे बदलले. आज तुला गोदामात "हे धोक्याचं आहे, मी करणार नाही" म्हणायचा हक्क आहे, तिथवरची वाट त्या बोगद्यातून गेली. हे मला कधी कळलं? आजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी. ती आठ वर्षं माझी शेजारीण होती.

1987 मध्ये त्यांनी घर विकलं आणि वुडब्रिजला गेले, तेव्हा इटालियन तिकडेच जात होते. आजीची मुलगी निरोप घेताना मला म्हणाली, "शाळा बदलली आहे." आमच्यामुळे बदलली, हे तिला म्हणायचं होतं. मी रात्रभर रडले. त्याच वर्षी माझी धाकटी बहीण अमेरिकेत जर्सी सिटीत होती. तिथे डॉटबस्टर्स म्हणवणारी टोळी आपल्या लोकांना मारत होती. तिने बाहेर जाताना कुंकू लावायचं बंद केलं होतं. आम्ही दोघी फोनवर बोलायचो, हे लोक असे कसे.

आणि 1994 मध्ये आम्ही आमचं घर विकलं. ओकव्हिलला घेतलं. शेजारणींनी विचारलं का जाता, तर मी म्हणाले, "शाळा बदलली आहे."

शब्द तेच.

मुलांचं दहावी-बारावीचं वय होतं, यांची नोकरी ओकव्हिलच्या बाजूला गेली होती, रोज दीड तास गाडी चालवून यांची पाठ गेली होती. हे सगळं खरं आहे आणि कोणीही आई हेच करील. मुलं शिकली, मार्गी लागली, त्या घराचं कर्ज आम्ही काटकसर करून फेडलं, कोणाचं काही लुटलं नाही. जायला नको होतं, असं मी आजही म्हणणार नाही. पण जाताना ते वाक्य का बोलले? नोकरी लांब पडते म्हणाले असते तरी चाललं असतं. पंजाबहून नुकत्याच आलेल्या त्या शेजारणीचा चेहरा मला अजून दिसतो. तिच्या नातीच्या वयाची एखादी मुलगी आज तुझ्याबरोबर त्या बेसमेंटमध्ये राहत असेल.

म्हणून त्या बाईंवर मी तुझ्याइतकी चिडू शकत नाही. मंडळात सगळ्यांसमोर त्यांना बोलणार मात्र आहे. त्या 1999 मध्ये आल्या, तेव्हा आमच्या वेळचे लोक या कॉम्प्युटरवाल्यांबद्दल काय बोलत होते ते मी या कानांनी ऐकलंय. ती नोंद माझ्याकडे आहे.

तू मात्र एक कर. वरच्या मजल्यावर तुझे घरमालक राहतात ना, ते सरदारजी आजोबा, त्यांना विचार, कोणत्या साली आलात, पहिली नोकरी कुठे, हे घर कोणाकडून घेतलं. चहा घेऊन जा आणि बस. भाड्यापलीकडे तू त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाहीस असं तुझ्या पत्रावरून दिसतं. आणि तुझ्यानंतर पुढच्या वर्षी एखादी मुलगी येईल, केरळची असेल, नेपाळची असेल, तिच्याबद्दल तोंड उघडण्याआधीही फेरफार बघ. मी बघितला नव्हता.

राहायचं की जायचं, ते बोलू. वर्क परमिटचे चौदा महिने उरलेत म्हणतेस, ते काही थोडे नाहीत. मिरजेला परत जाणं ही हार नाही, पण घाबरून जाणार असशील तर मी तुला जाऊ देणार नाही. नियम रोज बदलतात, त्यातलं मला सगळं कळत नाही, पण कागद लावणं मला येतं. पासपोर्ट, परमिट, मार्कलिस्ट, पगाराच्या स्लिपा, सगळं एका पिशवीत घालून आण.

रविवारी अकरा वाजता यॉर्क मिल्स सबवे स्टेशनवर ये. तिथे त्या पाच मजुरांच्या आठवणीसाठी केलेली मोठी गोधडी भिंतीवर लावली आहे. आधी ती बघू. मग माझ्याकडे जेवायला चल. आमटी-भात करून ठेवते, आणि गेल्या ऑगस्टमधली टोमॅटोची एक बाटली आहे, ती तुझ्या मैत्रिणींसाठी घेऊन जा.

तुझी,
काकू