अजिनोमोटो खाल्ल्याने खरंच अपाय होतो का?

तुमचा प्रश्न वाचला. नऊ वर्षांची मुलगी दर शनिवारी कोपऱ्यावरच्या गाडीवरचं चायनीज मागते, घरातली मोठी माणसं म्हणतात की त्यातल्या अजिनोमोटोने मेंदूवर परिणाम होतो, आणि कुणाचं ऐकावं ते तुम्हाला कळत नाही. सरळ उत्तर आधी देते. जेवणातून अर्धा ग्रॅम अजिनोमोटो पोटात गेलं तर धडधाकट माणसाला त्याने अपाय होत नाही. मेंदूला तर नाहीच नाही. गाडीवरची ती प्लेट मुलीला दर आठवड्याला द्यावी का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर अजिनोमोटोच्या डब्यात सापडत नाही.

मी अन्नाची तपासणी करणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत अकरा वर्षं काम केलं आहे, त्यामुळे हा पदार्थ हाताखालून खूप वेळा गेला. लोक त्याला पावडर म्हणतात, पण जवळून बघितलंत तर साखरेपेक्षा लांबट, सुईसारखे चकचकीत खडे दिसतात. दोन कण जिभेवर ठेवा. आधी किंचित खारट लागतं, मग तोंडाला पाणी सुटतं आणि एक भरलेली चव बराच वेळ रेंगाळते. आपल्या षड्रसांत तिला नाव नाही, पण जिभेला ती अनोळखी नाही. कोल्हापूरकडे मटण शिजलं की तिखट घालायच्या आधी मुलांसाठी वाटीभर अळणी काढून ठेवतात ना, त्यात मिठाच्या आणि आल्या-लसणाच्या पलीकडे जी चव लागते, ती ही.

१९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ही चव देणारा पदार्थ वेगळा काढला. तो निघाला ग्लुटामिक आम्ल. जर्मनीत १८६६ सालीच ते गव्हाच्या चिकट प्रथिनात सापडलं होतं, फक्त त्याच्या चवीकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. इकेदांनी त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं, आम्लाला सोडियमची जोड देऊन पाण्यात सहज विरघळणारं क्षार केलं आणि १९०९ पासून ते बाजारात आलं. ‘अजिनोमोटो’ म्हणजे जपानीत ‘चवीचं मूळ’. वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणायचो, तसं हे कंपनीचं नाव पदार्थाला चिकटलं. पदार्थ आहे मोनोसोडियम ग्लुटामेट. आज तो उसाची मळी, मका किंवा टॅपिओका यांतल्या साखरेवर एक जिवाणू वाढवून, म्हणजे आंबवून, करतात. हाडांपासून बनवतात असं अजूनही कुणीतरी सांगतं, त्यात तथ्य नाही.

आता मुख्य मुद्दा. ग्लुटामेट आपण रोज खातो, चायनीजच्या वाटेला न जाताही. पिकलेल्या टोमॅटोत १०० ग्रॅममागे साधारण दीड-दोनशे मिलिग्रॅम मोकळं ग्लुटामेट असतं, आणि टोमॅटो कच्च्याचा पिकत जातो तसं ते वाढतं. मटारात असतं, मशरूममध्ये असतं, सुकटीत आणि सुक्या कोळंबीच्या सोड्यांत असतं. पार्मेझान चीजमध्ये तर १०० ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमच्या वर. आईच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दहापट असतं, म्हणजे माणसाच्या बाळाची या चवीशी ओळख अगदी पहिल्या घोटापासूनची. टोमॅटोतलं ग्लुटामेट आणि डब्यातलं ग्लुटामेट यांत शरीराला फरक करता येत नाही, कारण रेणू एकच. पोटात गेलेल्यातलं बहुतेक आतड्याच्या पेशी स्वतःचं इंधन म्हणून तिथल्या तिथे जाळून टाकतात. रक्तात उतरतं ते थोडंसं, आणि रक्त व मेंदू यांच्या मधला पडदा तेही सहजासहजी आत जाऊ देत नाही. मेंदूला ग्लुटामेट लागतं हे खरं, पण ते तो स्वतःच तयार करतो.

मग ही भीती आली कुठून? १९६८ साली रॉबर्ट हो मान क्वोक नावाच्या, चीनमधून अमेरिकेत आलेल्या डॉक्टरांनी तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांत जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत आपल्या मानेला बधिरपणा येतो, अशक्त वाटतं, छातीत धडधडतं आणि हे दोनेक तास टिकतं, असं त्यांनी कळवलं. कारण काय असावं याबद्दल त्यांनी शंका विचारल्या होत्या: सोया सॉस? स्वयंपाकात घालतात ती वाइन? जास्तीचं मीठ? की मोनोसोडियम ग्लुटामेट? नियतकालिकाने त्यावर ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ असा मथळा दिला, आणि चार संशयितांपैकी एकाच्याच गळ्यात दोष पडला. त्याच काळात अमेरिकेतल्या डबाबंद सूपमध्येही हाच पदार्थ सर्रास असायचा. ते सूप पिऊन मान बधिर झाल्याची ओरड झाली नाही. मला या गोष्टीचं वाईट वाटतं, कारण त्यात परक्याच्या ताटाबद्दलचा संशय स्पष्ट दिसतो.

पुढच्याच वर्षी सेंट लुईसमधले जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांना हा पदार्थ टोचला आणि त्यांच्या मेंदूतल्या पेशी मेल्या. तुमच्या घरी जे ‘मेंदूवर परिणाम’ म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे. प्रयोग खरा होता. पण त्यात शरीराच्या दर किलो वजनाला अर्धा ते चार ग्रॅम इतका डोस कातडीखाली टोचला होता. साठ किलोच्या माणसाला त्या हिशेबाने तीस ग्रॅमपासून पाव किलोच्या आसपास, तेही सुईने, द्यावं लागेल. तोंडाने, जेवणाबरोबर, चमचाभर खाण्याशी त्याची तुलना होत नाही.

माणसांवरची सगळ्यांत काटेकोर तपासणी अमेरिकेत झाली, तिचा निष्कर्ष २००० साली आला. ‘आम्हाला याचा त्रास होतो’ असं स्वतः सांगणारे १३० जण निवडले. कुणाला खरं दिलंय आणि कुणाला अजिनोमोटो नसलेलं नुसतं पेय, हे देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. रिकाम्या पोटी एकदम पाच ग्रॅम. पहिल्या फेरीत बऱ्याच जणांना काहीतरी झालं, पण काहींना ते नुसत्या पेयानेही झालं. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासल्यावर प्रत्येक वेळी खऱ्यालाच प्रतिसाद देणारे उरले फक्त दोन, आणि अन्नाबरोबर दिल्यावर त्यांच्यातही सातत्य राहिलं नाही. म्हणजे त्रास होतो म्हणणारे खोटं बोलतात का? मुळीच नाही. डोकं दुखतं ते दुखतंच. १९९५ च्या एका अमेरिकी अहवालातही म्हटलं आहे की तीन ग्रॅम किंवा जास्त, अन्नाशिवाय घेतलं तर काही थोड्या लोकांना तात्पुरती डोकेदुखी, बधिरपणा, गरगरणं असं होऊ शकतं. ते आपोआप ओसरतं.

किती खाल्लं तर चालतं यावर मात्र जगात एकवाक्यता नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८७ साली मर्यादेचा आकडा ठरवायची गरजच नाही असं म्हटलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ साली मात्र आकडा घातला: दर किलो वजनामागे रोज ३० मिलिग्रॅम, ग्लुटामिक आम्लाच्या हिशेबाने. उंदरांना दर किलोला ३,२०० मिलिग्रॅमपर्यंत काही झालं नव्हतं. त्याला शंभराने भागून, खाली आणून, हा आकडा काढलाय. म्हणजे सावधगिरी भरपूर आहे. अजिनोमोटोचं वजन नुसत्या आम्लापेक्षा जास्त भरतं, म्हणून साठ किलोच्या माणसाला त्यातून रोजचं साधारण २.३ ग्रॅम अजिनोमोटो बसतं. तुमची मुलगी पंचवीस किलोची धरली तर एक ग्रॅमच्या किंचित आत.

हे आकडे वाचून मला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असणारी गाडी आठवायची. ‘अर्धा ग्रॅम’ हे पुस्तकातलं झालं, आपल्याकडे प्रत्यक्षात किती पडतं? एका संध्याकाळी गर्दी व्हायच्या आधी मी त्या मुलाकडे गेले आणि म्हटलं, एका फ्राईड राईसला घालतोस तेवढंच घाल, पण कढईत नको, या कागदावर घाल. तो आधी घाबरला. “ताई, तुम्ही एफडीएच्या आहात का?” समजावल्यावर त्याने डब्यातला चमचा नेहमीच्या सवयीने भरला, मनगटाला एक झटका दिला आणि कागदावर रिकामा केला. दुसऱ्या कागदावर तसंच मीठ. घरी येऊन काट्यावर ठेवलं: अजिनोमोटो २.६ ग्रॅम, म्हणजे युरोपच्या आकड्याच्या थोडं वरच, आणि मीठ ३.५ ग्रॅम. सोया सॉसचा पळीभर फवारा आणखी वेगळा.

आता हिशेब बघा. अजिनोमोटोत सोडियम असतं वजनाच्या साधारण १२ टक्के, साध्या मिठात ३९ टक्के. म्हणजे त्या प्लेटीत अजिनोमोटोतून आलं सव्वातीनशे मिलिग्रॅमच्या आत, मिठातून साडेतेराशेच्या वर, आणि मोठा चमचाभर सोया सॉस धरला तर त्यातून नऊशेच्या आसपास. बेरीज अडीच हजाराच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात दोन हजारांच्या आत राहायला सांगते. एका प्लेटीने दिवसाचा कोटा संपून वर उरलं, आणि त्यात ज्याला सगळे शिव्या देतात त्याचा वाटा सगळ्यांत कमी.

हे मी इतकं कळवळून लिहिते आहे त्याला कारण आमच्या सासूबाई. त्यांना बारा वर्षांपासून रक्तदाब. हॉटेलात गेलं की पहिला प्रश्न, “यात अजिनोमोटो नाही ना?” नाही म्हटलं की निर्धास्त. घरी मात्र जेवणात रोज पापड, लोणच्याची फोड, आणि ताकात वरून मीठ. कुणी कधी त्यांना त्या लोणच्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षी रक्तदाब चढून चार दिवस दवाखान्यात काढले, तेव्हा त्यांच्या उशाशी बसून मी मनाशी म्हणत होते, चोर सोडून आपण इतकी वर्षं संन्याशाला फाशी देत बसलो. आता घरी टोमॅटोच्या सारात मी मीठ निम्म्याहून कमी घालते आणि चार माणसांच्या भांड्याला अजिनोमोटोची एक चिमूट. काट्यावर ती चिमूट पाव ग्रॅमही भरत नाही. सार फिकं लागत नाही. त्या पहिल्यांदा प्यायल्या तेव्हा म्हणाल्या, “आज टोमॅटो चांगले मिळाले वाटतं.” मी तिथेच खरं काय ते सांगितलं. दोन दिवस अबोला धरला, मग स्वतःच पुन्हा करायला सांगितलं.

गाडीवरच्या ज्या गोष्टींची मला खरी काळजी वाटते त्या दोन. एक तो लालभडक रंग. मंचुरियनसारख्या शिजवलेल्या पदार्थात कृत्रिम रंग घालायला आपल्याकडे परवानगी नाही, तरी तो पडतो. मुलीची बोटं खाल्ल्यावर लाल होतात का बघा. २०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनचे ठेले बंद करायचं ठरवलं, आणि त्याच मार्चमध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग बंद केले. दोन्ही ठिकाणी ओरड रंगाची होती. दुसरं, तेच तेच तापवलेलं तेल. तेल वारंवार तळून त्यात जे बिघडलेले घटक साठतात त्यांची मर्यादा आपल्याकडे २०१८ पासून २५ टक्के ठरलेली आहे, पण गाडीवरच्या कढईत मोजायला कोण जातं? तेल काळं, घट्ट, फेसाळ दिसलं तर तिथून निघा.

पाकिटांबद्दलही एक सांगते. ‘अजिनोमोटो नाही’ अशी पाटी किंवा छापील ओळ बघून फसू नका. प्रयोगशाळेत आमचं यंत्र एकूण ग्लुटामेटचा एकच आकडा द्यायचं. त्यातलं टोमॅटोचं किती आणि वरून घातलेलं किती, हे त्याला सांगता येत नाही. २०१५ साली मॅगीच्या बाबतीत जो गदारोळ झाला त्यात शिशाबरोबर हाही वाद होता. पाकिटामागे बारीक अक्षरांत ६२१ आकडा शोधा, तो हाच. ६२७, ६३१, ६३५ हे त्याचे जोडीदार. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट किंवा हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन लिहिलं असेल तर त्यातूनही ग्लुटामेटच येतं. मात्र ते दिसलं म्हणून पाकीट टाकून देऊ नका. त्याच्याच वरच्या तक्त्यात सोडियमचा आकडा असतो, तो आधी वाचा. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र हे घातलेलं काहीच देऊ नये. आपला नियमही तेच सांगतो.

तुम्हाला स्वतःला किंवा मुलीला चायनीज खाल्ल्यावर डोकं दुखत असेल तर ती शंका झटकून टाकू नका. महिनाभर लिहून ठेवा: काय खाल्लं, किती वाजता, आधी पोट रिकामं होतं का, पाणी किती प्यायलं. मग घरी थोडं अजिनोमोटो घालून केलेला भात पोटभर जेवणात खाऊन बघा. तेव्हा काही झालं नाही तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. श्वास लागणं, ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं असं झालं तर प्रयोग करत बसू नका, लगेच डॉक्टरकडे जा. त्या सॉसमध्ये सोयाबीन, गहू, शेंगदाणे, कोळंबी असं बरंच काही असतं.

शनिवारचं म्हणाल तर मी असं करेन. महिन्यातून एकदा गाडीवर न्या, एक प्लेट दोघींत घ्या, मंचुरियन नको, आणि त्याला आधीच सांगा की मीठ आणि सॉस निम्मं. तो घालतो तसं, माझ्या अनुभवात कुणी नाही म्हटलेलं नाही. बाकीचे शनिवार घरी करा. आदल्या दिवशीचा मोकळा भात, भरपूर कोबी-गाजर-मटार, मोठी आच, सोया सॉस चहाच्या चमच्याने मोजून एक, आणि हवं तर तीन बोटांच्या चिमटीत येईल तेवढं अजिनोमोटो. मटार जास्त घातलेत तर कदाचित तेही लागणार नाही.