वाचक विचारतात : करार, पॉईंट आणि मंदी

आमचा तीन वर्षांचा करार संपला. मॅनेजमेंट साडेचार हजारांची वाढ देतेय, सीटीसीवर (म्हणजे कंपनीला एका कामगारामागे येणाऱ्या एकूण खर्चावर), तीन वर्षांत 50:25:25 टक्के अशा टप्प्यांत. सध्याचा पगार 28,000. महागाई भत्ता निर्देशांकाच्या पॉईंटमागे 30 रुपये. गेट मीटिंगला सगळे खूश होते. सही करावी का?
— एक कामगार, रबाळे

थोडं थांबा. साडेचार हजार हा आकडा तिसऱ्या वर्षी दिसेल. पहिल्या वर्षी 2,250, दुसऱ्या वर्षी एकूण 3,375. तीन वर्षांची बेरीज 1,21,500 होते. तीच वाढ पहिल्या दिवसापासून मिळाली असती तर 1,62,000. टप्प्यांची किंमत माणशी 40,500 रुपये, आणि बोलणीत ती क्वचितच कुणी काढून दाखवतं.

आता सीटीसी. त्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ 12 टक्के आणि ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के धरलेले असतात. सगळी वाढ बेसिकमध्ये गेली आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील, तर 2,250 भागिले 1.1681, म्हणजे पगारात 1,926. तुमच्या वाट्याचा पीएफ वजा जाता हातात साधारण 1,695. बोनसही सीटीसीत कोंबला असेल तर आणखी कमी. म्हणून मागणीपत्रात ‘वाढ बेसिक व महागाई भत्त्यावर, सीटीसीवर नाही’ असं स्पष्ट लिहा.

खरी मेख महागाई भत्त्यात आहे. समजा, वर्षभरात औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक 138 वरून 145 वर गेला. 28,000 ची खरेदीशक्ती टिकवायला 1,420 रुपये लागतील. पण तुमच्या करारातला पॉईंट कुठल्या मालिकेचा? सप्टेंबर 2020 पासून लेबर ब्युरो, म्हणजे हा निर्देशांक काढणारं केंद्र सरकारचं कार्यालय, 2016=100 (2016 ची पातळी 100 धरलेली) ही मालिका वापरतो. 2001 च्या जुन्या मालिकेशी तिचा जोडगुणक, म्हणजे नव्या आकड्याचा जुना आकडा करायला ज्याने गुणायचं तो, 2.88 आहे. नवे 7 पॉईंट म्हणजे जुने 20.16. दर जुन्या मालिकेवर ठरला असेल तर भत्ता 605 रुपयांनी वाढायला हवा. पगारपत्रक करणाऱ्याने नवे 7 पॉईंट सरळ 30 ने गुणले तर 210 च हातात पडतात. माणशी दरमहा 395 चा फटका, आणि स्लिपवर कुठे चूक दिसतही नाही! जुन्या करारातली मूळ मालिका शोधा आणि नव्या करारात जोडगुणकासह लिहून घ्या.

हिशेब बरोबर असेल तर 1,420 पैकी 605 भत्त्यातून येतात, उरलेले 815 वाढीतून जातात. 1,926 मधली खरी वाढ 1,111 रुपये. ती पुरेशी आहे का, ते कंपनीच्या ऑर्डर बघून ठरवा. थकबाकी जुना करार संपल्याच्या तारखेपासून मागा.

ऑर्डर कमी आहेत, ओव्हरटाइम बंद झालाय. अशा वेळी संप केला तर मॅनेजमेंट नमेल का?
— युनियन प्रतिनिधी, पावणे

बहुधा नाही. संपाचं बळ गोदामात मोजावं. तयार माल दोन महिन्यांचा पडून असेल, तर संपाचे पहिले दोन महिने मालकाला उलट पगार वाचवून देतात. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा अनेक गिरण्यांत न खपलेलं कापड साठून होतं. त्या संपाला इतरही कारणं नडली, पण हे कारण छोटं नव्हतं.

मंदी कारखान्यात ठराविक क्रमाने उतरते: आधी ओव्हरटाइम, मग कंत्राटी कामगार, मग तिसरी पाळी, मग ले-ऑफ, म्हणजे काम नाही म्हणून कामगाराला तात्पुरतं घरी बसवणं. परमनंटचा मूळ पगार सहसा कमी होत नाही, म्हणून युनियनला मंदी उशिरा कळते. कंत्राटी पोरं मात्र केव्हाच घरी बसलेली असतात. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. आत्ता वाढीचा आकडा ताणण्यापेक्षा कराराची मुदत दोन वर्षांची मागा, म्हणजे तेजी आली की टेबलावर परत बसता येईल. ले-ऑफ आलाच तर कायद्याने बेसिक व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते (कारखान्यात 50 पेक्षा कमी कामगार असतील वा तुमची वर्षभर सेवा नसेल तर हा हक्क गृहीत धरू नका). जास्तीची भरपाई करारातच मागा.

आणि अचानक संप नको. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार नोटीस दिल्यावर 14 दिवस थांबावं लागतं. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एका दिवशी ठरवून रजा टाकली तर तोही संपच धरला जातो.

युनियनने पगार वाढवले म्हणून ठाण्यातले कारखाने गेले, हे खरं का?
— विद्यार्थिनी, ऐरोली

अर्धवट. खर्चात पगाराचा वाटा 8 टक्के असेल तर 10 टक्के पगारवाढीने मालाचा खर्च 0.8 टक्के वाढतो. वाटा 40 टक्के असेल तर 4 टक्के, आणि तिथे नोकऱ्या खरंच जाऊ शकतात. पण पोखरण रोडवर एकदा चालून बघा. शेडच्या जागी टॉवर उभे आहेत. कारखान्याच्या नफ्यापेक्षा खालच्या जमिनीचा भाव जास्त झाला, की पगार गोठवूनही शेड टिकत नाही.