बॅट सोडून धावणारा पुतळा

प्रश्न : नमस्कार. माझी मुलगी पिट्सबर्गला असते, आम्ही दोघं मे महिन्यात तिच्याकडे चाललोय. तिने तिथल्या बेसबॉल स्टेडियमबाहेरच्या एका पुतळ्याचा फोटो पाठवलाय, रोबेर्तो क्लेमेंते म्हणून. मी जन्मभर क्रिकेट बघितलं, बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. हा माणूस बॅट सोडून पळतोय असं का दाखवलंय? आणि तिथली लोकं त्याला एवढं का मानतात? — एक वाचक, सिंहगड रोड, पुणे

उत्तर : काका, बॅटचं आधी सांगतो. आपल्याकडे रन काढताना बॅट हातात लागतेच, क्रीझमध्ये टेकवायची असते ना, पण बेसबॉलमध्ये बॉल मारला की बॅट तिथेच टाकायची आणि पहिल्या बेसकडे, म्हणजे मैदानात धावण्यासाठी ठरवलेल्या थांब्यांपैकी पहिल्याकडे, सुटायचं. पुतळ्यात तोच क्षण पकडलाय, नजर अजून बॉलवर आणि पाय निघालेले. वानखेडेवरचा सचिनचा पुतळा आठवा, आपल्या नगरच्या प्रमोद कांबळेंनी केलेला, तोही शॉट मारतानाचाच आहे. खेळाडू नुसता हाताची घडी घालून उभा केला की तो कोणीही वाटतो, असं मला तरी वाटतं.

आता माणूस. क्लेमेंते प्युर्टो रिको या स्पॅनिश बोलणाऱ्या कॅरिबियन बेटावरचा, 1955 ते 1972 अशी 18 वर्षं एकाच टीमकडून खेळला, पिट्सबर्ग पायरेट्स. पेपरवाले त्याला बॉब म्हणायचे आणि तो दर वेळी सांगायचा की माझं नाव रोबेर्तो आहे. 30 सप्टेंबर 1972 ला त्याने 3000 वा हिट मारला, हिट म्हणजे बॉल मारून सुखरूप बेस गाठणं, आणि तोवर फक्त 10 जणांना हे जमलं होतं. लीग सीझनमधला तो त्याचा शेवटचा हिट ठरला.

कारण त्याच डिसेंबरात मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात मोठा भूकंप झाला, मानाग्वा शहर पार कोसळलं. क्लेमेंतेने मदत गोळा करून पाठवली, पण ती लोकांपर्यंत पोचतच नाही, मधेच लाटली जातेय असं कानावर आलं, म्हणून 31 डिसेंबरला तो स्वतः सामानाच्या विमानात बसला, की मी असलो तर कोणी हात लावणार नाही. विमानात वजन जास्त झालेलं, उड्डाण केल्याकेल्या समुद्रात कोसळलं. वय 38. त्याचा देह सापडलाच नाही. किल्लारीच्या वेळी पुण्यातून किती लोकं ट्रक भरभरून सामान घेऊन गेली होती ते तुम्हाला आठवत असेल, त्यामुळे तो विमानात का बसला हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जायला रिटायर झाल्यावर 5 वर्षं थांबावं लागतं, त्याच्यासाठी तो नियम बाजूला ठेवून 1973 मध्येच घेतलं.

फोटोत दिसणार नाही अशी एक गोष्ट आहे, ती मात्र तिथे जाऊन नक्की बघा. पुतळा सुझन वॅग्नर यांचा, 1994 मधला, आणि खाली बेसबॉलच्या मैदानासारखी मांडणी करून तीन बेसपाशी तीन मैदानांची माती ठेवलीये, एक प्युर्टो रिकोमधल्या सांतुर्सेची आणि दोन पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्ड आणि थ्री रिव्हर्सची. ती दोन्ही स्टेडियम आता पाडली गेलीत. मला तर धातूच्या पुतळ्यापेक्षा ती मातीच जास्त भिडते.

मॅचच्या दिवशी गेलात तर गावातून चालतच जा, नदीवरच्या पुलालाही त्याचंच नाव आहे आणि त्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो, विसर्जनाला लक्ष्मी रोड असतो तसा. पूल उतरलात की समोर पुतळा.