देव आहे असं वाटत नाही, पण नाही हेही सिद्ध करता येत नाही. मग मी नास्तिक की अज्ञेयवादी?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो, तुम्ही आरतीला उभे राहता, पण देव आहे असं आतून वाटत नाही. त्यावर काका म्हणतात, "नाही हे सिद्ध करून दाखव, नाहीतर स्वतःला नास्तिक म्हणवू नकोस. फार तर अज्ञेयवादी म्हण."

काका दोन वेगळे प्रश्न एकात कालवतायत. देव आहे असं तुम्ही मानता का, हा एक. आणि त्याबद्दल आपल्याला खात्रीचं ज्ञान आहे असं म्हणता का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचंही "नाही" असेल तर तुम्ही नास्तिकही आहात आणि अज्ञेयवादीही. यात विसंगती काहीच नाही. "कळायला मार्ग नाही, पण मी मानतो" म्हणणारा भाविकही अज्ञेयवादीच असतो, आणि असे भाविक तुमच्या घरातच निघतील. एक मात्र खरं, तत्त्वज्ञानाचे बरेच अभ्यासक "देव नाही" असं ठाम म्हणणाऱ्यालाच नास्तिक म्हणतात. ब्रिटिश तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी १९७०च्या दशकात नुसत्या न मानण्यालाही त्यात जागा द्यावी असं मांडलं, पण ते सगळ्यांना पटलेलं नाही. त्यामुळे काकांशी बोलताना आधी कोणत्या अर्थाने बोलतोय ते ठरवून घ्या, नाहीतर अर्धा तास त्यातच जाईल.

अज्ञेयवादातही पोटभेद आहेत. इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी १८६९ मध्ये हे नाव काढलं तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे एक शिस्त होती: पुरावा नाही तिथे खात्रीने बोलायचं नाही. काही जण म्हणतात, अजून कळलेलं नाही. काही म्हणतात, कळणं शक्यच नाही. हा दुसरा पवित्रा नम्र वाटतो खरा, पण देव कधीच आपली ओळख पटवून देणार नाही हे यांना कसं कळलं? तोही एक दावाच झाला. आणि तिसरे म्हणतात, "देव म्हणजे काय ते आधी सांगा, मग आहे की नाही ते बघू." मला ही तिसरी मंडळी सगळ्यात उपयोगी वाटतात.

बहुतेक जण घसरतात ते एका ठिकाणी: दोन्ही बाजू सिद्ध होत नाहीत, म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी. तसं नसतं. मुठेच्या पात्रात हत्ती उभा आहे असं कोणी म्हटलं आणि लकडी पुलावरून बघितल्यावर तो दिसला नाही, तर न दिसणं हाच पुरावा आहे. तिथे एक मुंगी आहे म्हटलं तर न दिसण्याला काही किंमत नाही. म्हणून विचारायचं ते हे, की ज्या देवाबद्दल बोलतोय तो असता तर जगात काय वेगळं दिसलं असतं? नवसाला पावणारा, आजार बरे करणारा देव हत्तीच्या जातीचा आहे, त्याची तपासणी करता येते. निर्गुण ब्रह्म मुंगीहूनही सूक्ष्म, त्याला तपासणी लागूच होत नाही. तेव्हा एकच माणूस पहिल्याबाबत ठाम नास्तिक आणि दुसऱ्याबाबत अज्ञेयवादी असू शकतो.

इंग्रजी व्हिडिओ बघून वाद घालणाऱ्यांची गोची इथेच होते. त्यांचं हुकमी अस्त्र म्हणजे दुःखाचा युक्तिवाद: देव सर्वशक्तिमान आणि पूर्ण दयाळू असेल तर जगात दुःख का? तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये ही तार्किक विसंगतीच आहे असं मांडलं. त्यावर तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा यांनी माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचा बचाव दिला: माणूस खरोखर स्वतंत्र असायचा तर त्याला वाईट निवडायची मोकळीकही हवी. १९७९ मध्ये विल्यम रो यांनी दावा सौम्य करून तो जास्त अवघड केला: वणव्यात होरपळून तडफडत मरणाऱ्या हरणाच्या पाडसाच्या यातनांतून कोणाचं कसलं भलं होतं? पाडसाच्या यातनांना माणसाचं इच्छास्वातंत्र्य पुरत नाही.

पण हे सगळं काकांसमोर मांडलंत की ते एका शब्दात निकाल लावतील: कर्म. आणि हे उत्तर जुनं, विचारपूर्वक दिलेलं आहे. वेदान्ताचा मूळ ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हीच शंका घेतलीय, की देव पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असं, की तो प्राण्यांच्या कर्मानुसार फळ देतो. मग पहिलं कर्म कुठून आलं? पुढचंच सूत्र म्हणतं, संसार अनादि आहे.

इथे पाश्चात्त्यांकडे धावायची गरज नाही, आपल्याकडच्याच मीमांसा आणि सांख्य या जुन्या दर्शनांचे लोक कामाला येतात. वेद प्रमाण मानणारे मीमांसक कुमारिल भट्ट जगाचा कर्ता मानत नाहीत. त्यांचे प्रश्न रोखठोक आहेत: शरीराशिवाय त्याने निर्मिती कशी केली, शरीर असेल तर ते कोणी केलं, आणि त्याला निर्मितीची गरज काय पडली? सांख्यसूत्रांतही ईश्वर सिद्ध होत नाही असं सरळ म्हटलंय. यांच्या मागे उभं राहून काकांना विचारा: फळ कर्मानेच ठरत असेल तर देव नेमकं काय करतो? तो कर्माचा नियम मोडू शकत असेल तर निर्दयतेचा आक्षेप परत उभा राहतो, मोडू शकत नसेल तर नवस कशाला? उदयनाचार्यांसारख्या नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, उत्तर आहे की कर्म जड असल्यामुळे त्याला चालवणारा चेतन लागतो. काका तिथवर आले तर चर्चा खरंच रंगेल. कर्मावर स्वतंत्र आक्षेपही घ्या: मागच्या जन्माची आठवण नसताना शिक्षा कसली, आणि याच हिशेबाने जातीची उतरंड योग्य ठरवली गेली त्याचं काय?

पुण्यापुरतं बोलायचं तर सगळ्या चिकित्सकांना एका पोत्यात भरू नका. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढणारे जोतीराव फुले नास्तिक नव्हते. ते एक निर्मिक, म्हणजे जग घडवणारा, मानत, नाकारत ते भटशाही आणि ग्रंथप्रामाण्य. मिल आणि स्पेन्सर वाचलेले आगरकर अज्ञेयवादाकडचे, आणि त्यांची तर या शहराने जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची जाहीर भूमिका देवा-धर्माला विरोध नाही, शोषणाला विरोध आहे, अशीच राहिली. समितीचा कार्यकर्ता म्हणजे नास्तिक हे समीकरण म्हणूनच चुकीचं.

आरतीचं म्हणाल तर उभं राहणं म्हणजे काही प्रतिज्ञापत्र नव्हे. टाळ वाजवा, मोदक खा. फक्त कोणी थेट विचारलं तर खोटं बोलू नका, आणि नैवेद्याच्या ताटासमोर वाद काढू नका. तिथे कोणाचंच मत बदलत नाही.

सरकारी फॉर्मवरच्या "धर्म" या रकान्याबद्दल विचारलंत, त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निर्णय दिलाय: कोणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करता येत नाही, आणि आपला कोणताच धर्म नाही असं सांगायचा हक्क आहे. खिडकीवरच्या माणसाला हे माहीत असेलच असं नाही, निकालाची प्रत जवळ ठेवा. वारसाहक्काची मात्र काळजी नको. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नसलेल्यांना सर्वसाधारणपणे लागू होतो, त्यासाठी श्रद्धेचा पुरावा मागत नाही.